माणसांचं वाचनालय



आजची गोष्ट आहे एका वेगळ्या वाचनालयाची. तिथे वाचायला माणूस मिळतो!

१९९३ साली डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये, एका तरुणावर चाकूहल्ला झाला. तो वाचला. त्यानंतर त्याच्या मित्रांनी ‘हिंसा थांबवा’ नावाची तरुणांची संघटना उभी केली. रोनी अबेर्गेल त्यातलाच एक. २००० साली रोस्किल्डच्या मोठ्या संगीत महोत्सवात या मंडळींनी पहिलं माणसांचं वाचनालय भरवलं. चार दिवस, रोज आठ तास. पन्नासहून जास्त ‘पुस्तकं’ होती आणि हजारावर लोकांनी ती वाचली. पोलीस आणि भिंती रंगवणारा पोरगा, एरवी एकमेकांना टाळणारे, तिथे समोरासमोर बसून बोलले.

पुढे ही कल्पना देशोदेशी गेली. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लिस्मोर इथे असं कायमचं वाचनालय निघालं. २०१७ मध्ये आपल्याकडे हैदराबादला आणि मुंबईलाही असे कार्यक्रम झाले. कॉलेजांना तर ही कल्पना फारच आवडली, कारण ग्रंथालयाची जागा आणि शिकायला आलेली मुलं तिथे आयतीच असतात.

पद्धत साधी आहे. यादीत प्रत्येक पुस्तकाचं नाव लिहिलेलं असतं. ते नाव म्हणजे लोकांनी त्या माणसावर मारलेला शिक्काच. बेघर, निर्वासित, तृतीयपंथी, व्यसनातून बाहेर पडलेला. आपण एक निवडायचं, साधारण अर्धा तास बसायचं आणि मनातलं विचारायचं. पुस्तक उत्तर देतं, नको असेल तर नाहीही म्हणतं. नियम एकच: पुस्तक जसं नेलं तसंच परत करायचं. म्हणजे त्या माणसाला दुखवायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही तर एकाच गावात राहतो, आम्हाला याची काय गरज? गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच लिहून ठेवलं, की नुसतं शेजारी राहून पूर्वग्रह जात नाहीत. दोघं बरोबरीच्या नात्याने भेटली, एका कामासाठी एकत्र आली, तर ते कमी होतात. आपल्या गावात पाहा ना. वस्त्या शेजारी-शेजारी, पण पाणवठे पिढ्यान्पिढ्या वेगळे होते. विधवा बाई घरातलीच, पण हळदीकुंकवाला तिला बोलावणं नाही.

बरोबरीने बसण्याची जागा मात्र आपल्याकडे आहे: बचत गटाची सतरंजी. तिथे सगळ्यांचा हप्ता सारखा, सही सारखी. मग महिन्याच्या बैठकीत हिशोब झाल्यावर अर्धा तास एका सखीचं ऐकायला काय हरकत आहे? नवऱ्याने टाकलेली, आंतरजातीय लग्न केलेली, ऊसतोडीला जाणारी, कुणीही.

पण एक जपायला हवं. शहरात वाचक अनोळखी असतो, उठून निघून जातो. गावात तीच बाई उद्या दळणाला भेटते. म्हणून तिची तयारी असेल तरच तिने बोलावं. आणि बैठकीतली गोष्ट पारावर गेली, तर ती बाई पुन्हा तोंड उघडणार नाही. आपणही तिचा विश्वास गमावू. तिने स्वतःला चांगलं ठरवून दाखवायचं नाही. तिने सांगायचं, आपण ऐकायचं.

येत्या बैठकीत हा विषय काढा. पहिलं पुस्तक कोण होणार, ते मात्र तिचं तिलाच ठरवू द्या.