मेडोराचं धुराडं

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात, मेडोरा गावाच्या कडेला विटांचं एक धुराडं उभं आहे. बुडाशी भट्टी नाही, तोंडाशी धूर नाही. भोवतालचा कारखाना 1907 साली जळाला, हे तेवढं उरलं. गावाची कुळकथा इथूनच सांगायला हवी, कारण गाव वसलं ते याच कारखान्यापायी.

1883 च्या एप्रिलात मार्की द मोरेस हा पंचविशीही न गाठलेला फ्रेंच उमराव लिटल मिसुरी नदीच्या काठी आला. पूर्वतीरावर त्याने तंबूची मेख ठोकली, तिच्यावर शॅम्पेनची बाटली फोडली आणि गावाला बायकोचं नाव दिलं. मेडोराचे वडील न्यूयॉर्कचे बडे बँकर. धंद्यात सासऱ्याचा पैसा होता, तेव्हा नामकरण निव्वळ प्रेमापोटी झालं असं मानणं भाबडेपणाचं ठरेल.

कारखान्यामागचा मार्कीचा हिशेब मात्र बिनतोड वाटावा असा होता. तोवर या माळरानावरची जनावरं जिवंतच रेल्वेने शिकागोला जात. वाटेत ती रोडावत, काही मरतही. शिवाय हाडाकातड्याचंही भाडं भरावं लागे. मग कुरणातच कत्तल करून, बर्फाने गार ठेवलेल्या डब्यांतून नुसतं मांस का पाठवू नये? कल्पना खरी होती, पण गिऱ्हाईक तयार नव्हतं. पूर्वेकडच्या शहरांना मक्यावर पोसलेल्या जनावराच्या मांसाची चटक होती. गवतावर वाढलेलं त्यांना चिवट लागे. त्यात शिकागोच्या व्यापाऱ्यांची स्पर्धा, आणि कुरणातली जनावरं वर्षातले काही महिनेच कापण्याजोगी पुष्ट. 1886 मध्ये कारखाना बंद पडला. पाठोपाठच्या हिवाळ्यात बर्फाने कुरणांतली गुरंच मारली.

मार्की गेला, पण बांधकामं राहिली. टेकडीवरचं सव्वीस खोल्यांचं लाकडी घर गावकऱ्यांच्या तोंडी ‘शातो’ झालं. कुटुंबाने ते पुढे राज्याला देऊन टाकलं. मेडोराबाईंनी 1884 मध्ये बांधवलेलं विटांचं चर्चही गावात आहे.

सगळ्यात गमतीची कथा थिओडोर रूझवेल्टच्या ओंडक्यांच्या घराची. 1883 मध्ये रानगव्याच्या शिकारीला आलेला हा तरुण जाता जाता गुरांच्या धंद्यात पैसे गुंतवून गेला. पुढे तो राष्ट्राध्यक्ष झाला आणि घराला पाय फुटले. 1904 मध्ये सेंट लुईसचं जागतिक प्रदर्शन, मग पोर्टलंड, नंतर फार्गो आणि बिस्मार्क. 1959 मध्ये ते मेडोरात परतलं. मूळ जागी मात्र नव्हे. ती गावाच्या दक्षिणेला काही मैलांवर आहे. आज ते गावालगतच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी आहे.

पाहुणे उन्हाळ्यात येतात, धुराड्यापाशी थांबतात, पुढे जातात. 2020 च्या जनगणनेत गावात माणसं भरली 121.