सिकंजबीनपासून 'फायर सायडर'पर्यंत : एका आंबट-तिखट पेयाचा इतिहास

सरबत हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की, तो दूरदेशाहून आपल्याकडे आला आहे याची आठवणही राहत नाही. अरबी भाषेत 'श-र-ब' या धातूचा अर्थ पिणे. शर्बत त्यातूनच आले आणि शराबही त्यातूनच. मूळ अरबीत शराब म्हणजे केवळ 'पेय'; मद्य हा त्याचा एकमेव अर्थ फारसी-उर्दूत व पुढे मराठीत रूढ झाला. एकाच धातूपासून निघालेल्या या दोन शब्दांपैकी एक आपण पाहुण्यांपुढे तबकातून नेतो आणि दुसरा उच्चारतानाही आवाज खाली आणतो!

हे सांगण्याचे कारण असे की, अलीकडे अमेरिका व युरोपमध्ये एका 'टॉनिक'चा मोठा बोलबाला झाला आहे. सफरचंदाच्या सिरक्यात आले, लसूण, कांदा, लाल मिरची मुरवावयाची, त्यात मध घालावयाचा आणि थंडीच्या दिवसांत ते गरम पाण्यातून घ्यावयाचे, असा हा प्रकार. तेथील पानगृहांत याच अर्काचे चमचे घालून झणझणीत कॉकटेल बनवितात. जाहिराती वाचल्या म्हणजे हा पदार्थ कोणीतरी कालपरवाच शोधून काढला असे वाटते. प्रत्यक्षात त्याची वंशावळ दोन हजार वर्षांहून जुनी आहे व तिचा एक मोठा भाग बगदाद आणि अंदलूस येथून जातो.

प्रथम सिरका म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. फळाचा किंवा उसाचा रस तसाच ठेवला तर हवेतील व सालीवरील किण्व त्यातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते. पुढे हे द्रव्य हवेला उघडे राहिले की एक वेगळ्या जातीचे सूक्ष्म जिवाणू हवेतील प्राणवायू घेऊन त्या मद्यार्काचे आम्ल बनवितात. पृष्ठभागावर एक चिकट साय धरते; इंग्रजीत तिला 'मदर', म्हणजे व्हिनेगरची आई, असेच म्हणतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी ही क्रिया सजीवांमुळे घडते हे १८६४ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले. त्यापूर्वी हजारो वर्षे माणूस सिरका करीतच होता; फक्त का होतो हे ठाऊक नव्हते. व्हिनेगर हा शब्दही फ्रेंचमधून आलेला असून त्याचा साधा अर्थ 'आंबलेली वाइन' असा आहे.

येथे वाचकांच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे. जे मद्यापासून झाले ते चालते कसे? फिकहच्या ग्रंथांत या प्रश्नाची फार बारकाईने चर्चा आहे. मद्य आपोआप पालटून त्याचा सिरका झाला तर तो पाक, याविषयी चारही मजहबांत दुमत नाही. मुद्दाम त्यात काही घालून सिरका केला तर मात्र हनफी मत त्याला अनुमती देते, शाफई मत देत नाही. वस्तूचे स्वरूपच बदलले की तिचा हुकूम बदलतो, हे तत्त्व रसायनशास्त्राच्या जन्मापूर्वी मांडले गेले होते ही गोष्ट मला विशेष वाटते. हजरत पैगंबर (स.) यांनी भाकरीबरोबरचे उत्तम तोंडीलावणे म्हणून सिरक्याची प्रशंसा केल्याचे हदीसमध्ये आलेच आहे.

आता पेयाकडे वळू. रोमन सैनिक मोहिमेवर असताना पाण्यात सिरका मिसळून पीत व त्याला 'पोस्का' म्हणत. ते गरिबाचे पेय होते. ग्रीक वैद्यांनी मात्र सिरक्याला मधाची जोड दिली आणि त्याचे औषध केले. ग्रीक भाषेत 'ऑक्सिस' म्हणजे आंबट आणि 'मेली' म्हणजे मध, म्हणून हे 'ऑक्सिमेल'. यूनानी हकीम ज्यांना बुकरात म्हणतात त्या हिप्पोक्रेटिसच्या नावावरील तीव्र रोगांच्या पथ्यासंबंधीच्या ग्रंथात त्याचे सविस्तर विवेचन आहे. छातीतील कफ सुटावा हा त्याचा प्रमुख उपयोग. पुढे दुसऱ्या शतकात जालिनूस, म्हणजेच गॅलेन, याने ते आपल्या औषधयोजनेत घेतले.

हे सारे ग्रीक ज्ञान ग्रीकमध्येच राहिले असते तर आपली गोष्ट येथेच संपली असती. नवव्या शतकात बगदादमध्ये अब्बासी खलिफांच्या आश्रयाने भाषांतराचे जे प्रचंड कार्य झाले, त्यात हुनैन इब्ने इसहाक (८०९ ते ८७३) यांचे नाव अग्रभागी आहे. हे गृहस्थ ख्रिस्ती होते. जालिनूसचे ग्रंथ त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुर्यानी आणि अरबी भाषेत उतरविले. ऑक्सिमेलसाठी अरबांनी नवा शब्द घडविला नाही. शेजारच्या इराणमध्ये तयार असलेला शब्द उचलला. फारसीत 'सिक' किंवा 'सिरका' म्हणजे व्हिनेगर आणि 'अंगबीन' म्हणजे मध. त्यांचा जोड सिकंगबीन. अरबीत 'ग' नसल्याने तो झाला सिकंजबीन. कल्पना ग्रीकांची, शब्द इराणी, उच्चार अरबी आणि भाषांतरकार सुर्यानी ख्रिस्ती!

इब्ने सीना (९८० ते १०३७) यांच्या 'कानून'मध्ये सिकंजबीन जागोजागी भेटते. त्यांच्या नावाने केवळ सिकंजबीनवर एक छोटी स्वतंत्र पुस्तिकाही ओळखली जाते. हकिमांनी त्याचे अनेक प्रकार केले. साधे सिकंजबीन, बडीशेप व कासनीसारख्या बियांचे 'बजूरी', जंगली कांद्याचे 'उन्सुली'. हळूहळू मधाच्या जागी साखर आली, कारण तोपर्यंत उसाची लागवड पश्चिम आशियातून भूमध्य समुद्रापर्यंत पोचली होती.

तेराव्या शतकातील, अंदलूस व मगरिबच्या खाद्यपदार्थांचा एक अरबी ग्रंथ उपलब्ध आहे. त्यावर कर्त्याचे नाव नाही. त्यात साध्या सिकंजबीनची कृती अशी आहे : एक रतल तेज सिरका, दोन रतल साखर, पाक होईपर्यंत शिजवावे आणि एक ऊकिया पाक तीन ऊकिया गरम पाण्यातून अनशापोटी घ्यावा. कावीळ व ताप यांवर आणि तहान भागविण्यासाठी ते सांगितले आहे. वाचकांतील वडीलधाऱ्यांना रतल हा शब्द ओळखीचा वाटेल. पौंडाला जुन्या मराठीत रत्तल म्हणत तो हाच. सिरक्याचा गरम पाण्यातला अर्क ही कल्पना 'टॉनिक'वाल्यांची नव्हे, हे दाखवायला ही एक कृती पुरेशी आहे. फरक एवढाच की त्यात मिरची नाही. असणारही नाही, कारण मिरची अमेरिकेची, आणि तिच्याशी जुन्या जगाची भेट व्हायला अजून दोनशे वर्षे अवकाश होता.

इराणमध्ये उन्हाळ्यात पुदिना व किसलेली काकडी घालून सिकंजबीन आजही आवडीने पितात. आपल्या देशात मात्र एक गंमत झाली. उत्तर हिंदुस्थानात त्याची 'शिकंजी' किंवा 'शिकंजवी' बनली, पण सिरक्याची जागा लिंबाने घेतली. नाव शिल्लक राहिले, नावातला सिरका गेला. कोकणपट्टीत तर कोकम व चिंच हाताशी असल्यामुळे पिण्यासाठी सिरक्याची गरज कोणाला भासली नसावी. गोव्यात माडाच्या ताडीपासून सिरका होतो, पण तो रांधण्यासाठी. नवसारीच्या पारशी मंडळींचा उसाचा सिरकाही लोणच्यासाठीच प्रसिद्ध आहे.

पश्चिमेकडे गेलेल्या शब्दांची यादी केली तर मौज वाटते. शराबपासून लॅटिनमार्गे इंग्रजी 'सिरप' झाला. शर्बतपासून तुर्कीमार्गे 'शर्बेट' झाला. आणि त्याच धातूपासून अठराव्या शतकाच्या आसपास 'श्रब' झाला. फारसी गुलाब, म्हणजे गुलाबपाणी, अरबीत 'जुलाब' होऊन इंग्रजीत 'जुलेप' झाले. (मराठीत जुलाबाने जो अर्थ घेतला तो येथे सांगण्याची आवश्यकता नाही!) पाच जिनसांच्या मिश्रणाला इंग्रज 'पंच' म्हणू लागले; ते आपल्या 'पांच'वरून, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी १६३८ मध्ये सुरतेस आला, तेव्हा तेथील इंग्रज हे पेय पितात असे त्याने नोंदविले आहे. थंडीत पितात ती 'हॉट टॉडी' आपल्या ताडीवरून. कॉकटेल या शब्दाची व्याख्या न्यूयॉर्क राज्यातील एका वृत्तपत्रात १८०६ मध्ये छापली गेली. परंतु त्या पेल्यात शिरणाऱ्या पेयांची नावे त्यापूर्वीच पूर्वेकडून येऊन बसली होती.

इंग्लंडातील श्रब म्हणजे रम किंवा ब्रँडीत संत्र्या-लिंबाचा रस व साखर. अमेरिकेत मात्र त्याने वेगळे वळण घेतले. तेथे सफरचंदाच्या बागा मुबलक. खाण्याजोगी नसलेली तुरट फळे दाबून रस काढीत, त्याचे सायडर होई आणि पिंपात राहिलेल्या सायडरचा सिरका. लिंबू मात्र दुरून आणावे लागे. म्हणून शेतकऱ्याच्या घरी फळांचा रस सिरका-साखरेत टिकवून ठेवीत व पाण्यात घालून पीत. गवत कापणीच्या दिवसांत पाणी, सिरका, सुंठ व काकवी यांचे 'स्विचेल' शेतावर नेले जाई. भर उन्हात थंड पाण्याने पोट दुखते, सुंठ घातली म्हणजे बाधत नाही, असा समज होता. आपल्याकडे उन्हातून आलेल्या माणसाला आधी गुळाचा खडा देतात, त्याची येथे आठवण होते. पुढे बर्फाची पेटी व बाटलीबंद पेये आली आणि ही घरगुती पेये मागे पडली. १९५८ मध्ये व्हरमाँटचे डॉक्टर डी. सी. जार्व्हिस यांच्या पुस्तकामुळे मध व सफरचंदाचा सिरका पुन्हा लोकांच्या तोंडी आला.

रोझमेरी ग्लॅडस्टार या वनौषधी शिकविणाऱ्या बाईंनी कॅलिफोर्नियातील आपल्या शाळेत १९८० च्या सुमारास या जुन्या प्रकाराला तिखट रूप दिले व त्याला 'फायर सायडर' हे नाव दिले. कांदा, लसूण, आले, हॉर्सरॅडिश नावाचे मोहरीच्या कुळातले झणझणीत मूळ आणि लाल मिरची. त्यांनी ही कृती गुप्त ठेवली नाही. विद्यार्थ्यांना शिकविली, छापली, वाटली; लोकांनी आपापल्या परीने हळद, संत्र्याची साल वगैरे घातली, आणि लहान लहान विक्रेते त्याच नावाने बाटल्या विकू लागले.

आणि मग २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका कंपनीने 'फायर सायडर' हे नाव स्वतःचा ट्रेडमार्क म्हणून नोंदवून घेतले. इतरांनी ते वापरू नये अशा सूचना निघाल्या. वनौषधीवाल्यांनी विरोध केला, तेव्हा विरोध करणाऱ्या तीन बायांवर २०१५ मध्ये दावा लावण्यात आला. या बाया काही धनाढ्य नव्हत्या. त्यांच्यापुढे तडजोड करून गप्प बसण्याचा मार्ग होता. त्यांनी तो घेतला नाही. न्यायालयात जुनी पुस्तके, वर्गातील टिपणे, विक्रेत्यांची साक्ष असे पुरावे मांडले गेले. २०१९ मध्ये संघराज्य न्यायालयाने निकाल दिला की, हे नाव एका विशिष्ट प्रकारच्या पेयाचे सर्वसामान्य नाव आहे, ते कोणा एकाच्या मालकीचे होऊ शकत नाही.

निकाल कायद्याच्या भाषेत आहे, परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला तो वेगळ्या वाटेनेही पटतो. बाटलीतल्या जिनसा पाहा. सफरचंदाचे मूळ मध्य आशियातील डोंगरांत, आले आशियातले, मिरची अमेरिकेची, हॉर्सरॅडिश पूर्व युरोपाकडचे. आणि मध-सिरक्याचे माप यूनान, इराण व बगदादच्या हकिमांचे. कोणाच्या नावावर चढवायचे हे?

ज्यांना करून पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी थोडी माहिती. काचेची किंवा चिनी मातीची बरणी घ्यावी. तांब्या-पितळेचे भांडे मुळीच नको. सिरक्याचे आम्ल धातू खाते व जंगाल उतरते. बरणीवर पत्र्याचे झाकण असेल तर मध्ये जाड कागद घालावा. आले, कांदा, लसूण चिरून बरणी निम्मी भरावी, दोन-तीन लाल मिरच्या टाकाव्यात, हॉर्सरॅडिश आपल्याकडे सहसा मिळत नाही म्हणून चमचाभर कुटलेली मोहरी चालेल. सर्व बुडेल इतका सफरचंदाचा सिरका ओतून तीन-चार आठवडे सावलीत ठेवावे, अधूनमधून हलवावे, मग गाळून चवीप्रमाणे मध मिसळावा. कपभर गरम पाण्यात एक-दोन चमचे अर्क घेतला की घशाला ऊब येते. उन्हाळ्यात हाच अर्क टोमॅटोच्या रसात मीठ-मिरपुडीसह किंवा संत्र्याचा रस व सोड्यात घातला तर पानगृहातल्या तिखट कॉकटेलची चव दारूच्या थेंबावाचून मिळते.

सर्दी-पडसे याने बरे होते असे सिद्ध झालेले नाही, हेही सांगितले पाहिजे. बुकरात व इब्ने सीना यांच्या काळचे दोषांचे शास्त्र आणि आजचे वैद्यक यांत पुष्कळ अंतर आहे. नुसता सिरका पिण्याचा हट्ट तर कोणी करू नये, त्याने दातांवरील आवरण झिजते व घसा पोळतो. पोटात आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी यापासून दूरच राहावे. एक वर्षाच्या आतील बाळाला मध असलेले काहीही देऊ नये. ज्यांना एवढा खटाटोप नको असेल, त्यांनी यूनानी औषधांच्या दुकानात सिकंजबीन बजूरीची चौकशी करावी. मात्र बाटलीवर लिहिलेले प्रमाण वाचून, हकिमांना विचारूनच घ्यावी.