शेवटचं कडवं कुठं गेलं?

मंडळी, पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

मार्च निम्मा सरला की आपल्या परंड्यात दरवर्षी एक वाद पेटतो. शिंदे घराण्याचं नवं जयंतीगीत येतं, पाठोपाठ अख्ख्या अल्बमची जाहिरात येते आणि टपरीवर दोन तट पडतात. चाळिशीच्या पुढचे म्हणतात, "ह्यात काय राहिलं राव? नुसता धडधडाट. गाणं म्हणावं तर प्रल्हाद शिंद्यांचं." पोरं म्हणतात, "आवं तात्या, तुमच्या गाण्यावर मिरवणुकीत नाचता येतंय का?" चहा गार होतो, वाद गार होत नाही.

मी वयानं पहिल्या तटातला. पण जुनं काढून बघायला लागलो तेव्हा कळलं, की हे भांडण डीजेनं आणलेलं नाही.

आधी जलसा होता. सत्यशोधकांनी तमाशाचाच साचा घेतला, देवाचा गण बदलला, गवळणीला फाटा दिला किंवा तिचा रोख फिरवला, आणि बाकीचा वेळ समाजाला चार गोष्टी सांगण्यात घातला. तोच साचा पुढं आंबेडकरी जलशांनी उचलला. १९३० च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांचा जलसा गाजत होता. सभेआधी जलसा ही तेव्हाची रीतच. परंडा तेव्हा निजामाच्या राज्यात आणि पलीकडची बार्शी इंग्रजांच्या. तरी गाण्याला सरहद्द कुठं असते? २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला आपल्याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद भरली, बाबासाहेब स्वतः आले होते. बार्शीचेच अमर शेख त्याच दशकात अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथकात मुंबई गाजवत होते. म्हणजे गाण्यातून राजकारण ही आपल्या भागाला काही नवी गोष्ट नाही.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गायन पार्ट्यांचा जमाना आला. पेटी, ढोलकी, टाळ्या आणि समोरासमोर सामना. दोन पार्ट्या, रात्रभर सवाल-जवाब. लिहिणारे गावोगावी होते, पण सगळ्यांच्या वर नाव वामनदादा कर्डकांचं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला हा माणूस मुंबईत आल्यावर, मोठेपणी, अक्षरं शिकला आणि हजारो गाणी लिहून गेला. त्यांची गाणी छापील पुस्तकापेक्षा वह्यांतून आणि गळ्यांतून फिरली. एका पार्टीची वही दुसरी पार्टी रातोरात उतरवून घ्यायची.

आमचे आजोबा अशाच एका पार्टीत ढोलकीला बसायचे. ऐंशीच्या दशकात वडिलांनी टेपरेकॉर्डर आणला तेव्हा ते महिनाभर नीट बोलले नाहीत. त्यांची तक्रार ऐका : "ह्या डबड्याला वन्स मोअर म्हणता येतंय का?" रिवाइंड करता येतं, हे त्यांना कुणी समजावलं नाही. अर्थात रिवाइंड म्हणजे वन्स मोअर नव्हेच, ते त्यांचं बरोबर होतं. पार्टीत गाणं रंगलं तर वीस मिनिटं चालायचं. साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला अर्धा तास, त्यात पाच-सहा गाणी बसवायची. कडवी तिथंच कमी व्हायला लागली.

पण त्याच कॅसेटनं प्रल्हाद शिंद्यांचा आवाज ज्याच्या घरात बल्ब नव्हता त्याच्याही घरात नेला, सेलवर. विठ्ठलाची गाणी, भीमगीतं, कव्वाली, सगळं एकाच गळ्यातून. मग पोरं आनंद आणि मिलिंद आली, पोपटाचं गाणं आलं, आणि तेव्हाचे जाणते म्हणाले की बापाचं नाव घालवलं. आज तीच मंडळी आनंद शिंद्यांची जुनी गाणी म्हणजे अस्सल असं छातीठोक सांगतात! मग नातू आदर्श. २०१९ ला बाबासाहेबांवरची मालिका सुरू झाली, तिचं शीर्षकगीत त्यानं गायलं आणि ते आता जयंतीला प्रत्येक चौकात वाजतं. अजून वीस वर्षांनी आजची पोरं त्यालाच "जुनं ते सोनं" म्हणणार, लिहून ठेवा.

हे फक्त आपल्याकडं नाही. इंग्लंडचा रोलिंग स्टोन्स हा रॉक बँड १९६२ पासून वाजवतोय. २०२३ ला त्यांनी नवं गाणं काढलं आणि १८ वर्षांनी स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम आणला. गायक ऐंशी वर्षांचा. चाहते तिकडंही भांडले : जुनी धार नाही, या वयात एवढं तरी कोण करतं, ढोलकीवाला गेल्यापासून मजा नाही. हो, त्यांचाही ढोलकीवाला होता, चार्ली वॉट्स, २०२१ ला गेला. आमचे आजोबा असते तर खूश झाले असते.

तेव्हा "जुनं चांगलं, नवं टाकाऊ" यात मला आता दम वाटत नाही. पोरांचंही ऐकावं लागतं. गावाच्या मुख्य रस्त्यानं जयंतीची मिरवणूक काढायला किती ठिकाणी झगडावं लागलं, ते म्हाताऱ्यांना विचारा. त्या रस्त्यावर मोठ्या आवाजात नाचणं हे नुसतं नाचणं नसतं. (रात्री उशिरापर्यंत दवाखान्यापुढं बेस लावणं वेगळं, त्याला माझा विरोधच आहे.) आणि मोबाईलनं सगळं बिघडवलं म्हणावं तर त्याच मोबाईलवर संभाजीनगरच्या कडुबाई खरात एकतारी घेऊन राज्यभर पोचल्या. ना बेस, ना मिक्स.

माझी तक्रार वेगळीच आहे, आणि ती टपरीवर कुणी करत नाही.

वामनदादांच्या पिढीचा कवी गाण्याच्या शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचा. अभंगात तुका म्हणे, चोखा म्हणे येतं, तसंच. कारण साधं होतं. वही फाटते, पार्टी बदलते, गाणारा दुसराच असतो, पण गाणं पूर्ण म्हटलं की लिहिणाऱ्याचं नाव आपोआप ऐकणाऱ्याच्या कानावर पडतं. छापखाना नसलेल्या माणसाची ती सही होती. ती चालीत बसवलेली असायची, त्यामुळं गाणाऱ्याला मनात आलं तरी सहज काढता यायची नाही.

कॅसेटनं कडवी कमी केली, तरी खोक्यावरच्या कागदावर बारीक अक्षरात गीतकार असायचा. मग मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायला लागलं. चार जीबीत हजारभर गाणी, नाव काय तर 'ट्रॅक शून्य सात'. कागद गेला. आणि आता डीजे मिक्समध्ये पहिली ओळ, बेस, परत पहिली ओळ, संपलं. शेवटचं कडवं येतच नाही. म्हणजे सहीच कापली. गंमत बघा, त्याच मिक्समध्ये दर अर्ध्या मिनिटाला मिक्स करणाऱ्याचं नाव मात्र दणकून येतं. नाव लावायची हौस गेलेली नाही, फक्त मालक बदलला.

ह्यात पैशाचाही प्रश्न आहे. बहुतेक गीतकारांना एकदाच काय ती बिदागी मिळायची आणि हिशोब संपायचा. आपल्या कायद्यानं गाण्यावर कवीचा हक्क तो गेल्यानंतरही ६० वर्षं राहतो. वामनदादा १५ मे २००४ ला गेले, म्हणजे तो २०६४ अखेरपर्यंत. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला वाटा पक्का केला. आणि आपलं नाव लावून घेण्याचा हक्क त्याला आधीपासून आहेच, गाणं विकलं तरी तो जात नाही. पण नावच माहीत नसेल तर वाटा पोचवायचा कुणाच्या दारात? प्रल्हाद शिंदेही त्याच साली, २३ जूनला गेले. सहा आठवड्यांत दोघं. गाणाऱ्याचं नाव तीन पिढ्यांनी टिकवलं. लिहिणाऱ्यांतले वामनदादा लोकांना ठाऊक आहेत, पण त्यांच्या आजूबाजूचे, आपल्या तालुक्यातले, गावातले?

म्हणून यंदा एक काम करू. घराघरात माळ्यावर गायन पार्ट्यांच्या कॅसेटी आणि वह्या पडून आहेत. आमच्या आजोबांची एक वही सापडली, अर्धी उंदरांनी खाल्लेली, तरी त्यात अकरा गाण्यांची शेवटची कडवी शाबूत आहेत आणि चार नावं अशी निघाली की ती मी कधीच ऐकली नव्हती. त्यातलं एक गाणं गेल्या जयंतीला मिक्स होऊन आपल्याच चौकात वाजत होतं. टेपरेकॉर्डर माझ्याकडं चालू आहे, पट्टा नवा टाकलाय. कॅसेट आणून द्या, उतरवून परत देतो. वही असेल तर शेवटच्या कडव्याचा फोटो काढून खाली कमेंटमध्ये टाका, गाव लिहायला विसरू नका.