बेहड्याच्या फांशापासून बुद्धिबळापर्यंत

सिंदेवाहीच्या सभोंवारच्या रानांत सागाच्या सोबतीनें बेहडा वाढतो. त्रिफळ्यांतील एक फळ, एवढीच त्याची ओळख आज घरोघर उरली आहे. परंतु संस्कृतांत ह्या झाडास विभीतक म्हणतात, तसेंच अक्षहि म्हणतात. आणि अक्ष म्हणजेच फांसा. वेदकालीं ह्याचींच फळें फांसे म्हणून टाकीत. ऋग्वेदाच्या १० व्या मंडलांतील ३४ व्या सूक्तांत ज्या जुगाऱ्याची बायको दुरावते व घर उद्ध्वस्त होतें, त्याचा घात ह्याच फळांनीं केला.

महाभारतांतील नलहि फांशांपायींच राज्यास मुकला. पुढें ऋतुपर्ण राजाचा सारथि होऊन तो दमयंतीच्या विदर्भाकडे निघाला असतां वाटेंत बेहड्याचें झाड लागलें. ऋतुपर्णानें त्याच्या पानांची व फळांची संख्या पाहतांच सांगितली. नलानें मोजून खात्री करून घेतली, आणि अश्वविद्येच्या मोबदल्यांत अक्षविद्या शिकून घेतली. दैवाच्या खेळांतहि गणित आहे, हें कथाकारानें ओळखलें होतें.

पटावरील खेळांची कथाहि ह्याच वळणाची आहे. इराकांतील ऊर येथें सुमारें ४,५०० वर्षांपूर्वींचे पट सांपडले. तेथेंहि सोंगटी चाले ती फांशाच्या दानानें. आपल्याकडील अष्टापद हा पट बौद्धांच्या दीघनिकायास ठाऊक आहे. इसवी सनाच्या ७ व्या शतकांत बाणभट्टाच्या हर्षचरितांत त्याच अष्टापदावर चतुरंग मांडलेलें दिसतें: हत्ती, घोडे, रथ व पायदळ अशी चार अंगांची सेना. सुमारें १०३० मध्यें अल्बेरूनीनें फांसे टाकून चौघांनीं खेळावयाचा प्रकार नोंदला आहे. परंतु जो प्रकार जगभर गेला, त्यांत फांसा नव्हता.

तें चतुरंग इराणांत चत्रंग झालें, अरबांच्या तोंडीं शत्रंज झालें व स्पेनांत अहेद्रेस. घरीं परतलें तें परका वेष घेऊन. शह, मात, वजीर, प्यादें हे मराठी खेळाडूच्या तोंडचे शब्द तिकडचेच.

फांसा मात्र मेला नाहीं. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या १२ व्या शतकांतील मानसोल्लासांत चतुरंग, फांसे व कवड्या हे तिन्ही विनोद शेजारीं शेजारीं आहेत. आणि पचिशीचाच सोपा अवतार १८९६ सालीं इंग्लंडांत लुडो ह्या नांवानें निघाला. भेद आहे तो जबाबदारीचा. फांशाच्या खेळांत हरलेल्यास दैवाला बोल लावतां येतो. बुद्धिबळांत ती सोय नाहीं. २०२५ सालीं नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियांतील बाटुमी येथें महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. नल ज्या विदर्भाच्या वाटेवर अक्षविद्या शिकला, त्या विदर्भाच्या कन्येनें हा विजय फांशावांचून मिळविला.