कोंड्याचा मांडा आणि अंड्याचा बलक



राधानगरीच्या डोंगरपट्ट्यात घराच्या परड्यात चार-दोन कोंबड्या असतातच. अंड्यांचा पैसा बहुधा घरातल्या बाईच्या हाती येतो. मीठ-मिरची, पोरांच्या वह्या त्यातून निघतात. बलक पिवळाधमक निघाला की गिऱ्हाईक खूश होतं आणि पुन्हा त्याच दारी येतं. पण बलक पिवळा कशानं होतो? आणि पिवळा म्हणजे कसदार, हे खरं का? याचं उत्तर मिळायला जगाला बरीच वर्षं लागली. ती हकीकत आपल्या कामाची आहे, कारण तिच्यात भाताचा कोंडा आहे, हिरवा पाला आहे आणि भुईमुगाची पेंडही आहे.

कोंड्यानं वाचवलेल्या कोंबड्या

जावा बेटावर, आजच्या जकार्तात, १८९०च्या आसपास आइकमन नावाचे डच डॉक्टर बेरीबेरी रोगाचा शोध घेत होते. प्रयोगासाठी पाळलेल्या कोंबड्या एकाएकी लुळ्या पडू लागल्या. पायांत बळ राहीना, माना मागं वळू लागल्या. काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढराशुभ्र सडीक भात घातला जात होता. नवा स्वयंपाकी आला आणि त्यानं तो देण्याचं बंद केलं. पुन्हा बिनसडीचा तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या उठून चालू लागल्या.

आइकमनना आधी वाटलं, भातात काही विष असावं आणि कोंडा त्यावर उतारा असावा. १९०१ साली त्यांचे सहकारी ग्राइन्स यांनी खरं कारण मांडलं. विष नव्हतंच. कोंड्याबरोबर जरुरीचं एक सत्त्वच निघून जात होतं. तेच पुढं ब-१ जीवनसत्त्व म्हणून ओळखलं गेलं. आइकमनना १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. खुराड्यातल्या कोंबडीनं माणसाच्या आहाराचं शास्त्र असं पुढं नेलं.

आपण भात पिकवणारी माणसं. कोंडा गिरणीतून घरी येतो तो वाया घालवू नका. मात्र तूस वेगळं आणि कोंडा वेगळा. तुसात कस नाही. चाळून घेतलेला बारीक, मऊ कोंडा द्या. शंभर किलो खाद्यात दहा-पंधरा किलो पुरे. कोंड्यात तेल असतं, त्यामुळं तो लवकर खवट होतो. पावसाळ्यात आठवड्याला लागेल तेवढाच आणा.

रंग वेगळा, कस वेगळा

१९१९ साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात पामर आणि केम्पस्टर या शास्त्रज्ञांनी कोंबड्यांना पिवळा रंग जवळजवळ नसलेलं खाद्य दिलं. कोंबड्या वाढल्या, अंडी दिली, पिल्लंही निघाली. बलक मात्र फिकट पांढुरका! म्हणजे बलकाचा रंग खाद्यातून येतो. कोंबडी तो स्वतः तयार करत नाही. पिवळा मका, लसूणघास, शेवग्याचा पाला, झेंडूच्या पाकळ्या यांत हा रंग भरपूर असतो. पांढऱ्या ज्वारीत आणि तांदळाच्या कणीत तो नसल्यासारखाच.

म्हणून नुसत्या रंगावरून अंड्याचा कस ठरवू नका. बाजारात रंगासाठी खाद्यात मिसळायची द्रव्येही मिळतात. परंतु हिरव्या पाल्यात रंगाबरोबर अ जीवनसत्त्व तयार होण्याचं द्रव्यही असतं, म्हणून पाला दुहेरी उपयोगाचा. बलक तयार व्हायला आठ-दहा दिवस लागतात. तेव्हा पाला सुरू केल्यावर फरक दिसायला दीड-दोन आठवडे धीर धरा.

पाला सावलीत वाळवून भुकटी करावी. शेवग्याची भुकटी शंभर किलोत पाच किलोच्या आत ठेवावी. दसरा-दिवाळीचा झेंडूही वाळवून ठेवता येतो, पण औषध फवारलेला नको.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत महाराष्ट्रात सुबाभळीचा मोठा प्रसार झाला. उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेनं त्यात पुढाकार घेतला. सुबाभळीच्या पाल्यानंही बलक छान पिवळा होतो. पण त्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. पाला जास्त झाला तर अंडी घटतात. शेकडा पाचच्या पुढं जाऊ नका.

पेंड बघून घ्या

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. रोग नवा म्हणून सगळे चक्रावले. शोध घेता घेता माग ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोचला. पेंडीवर बुरशी चढली होती आणि तिच्यातलं विष पक्ष्यांच्या काळजाला, म्हणजे यकृताला, भिडलं होतं. तेच अफ्लाटॉक्सिन.

आपल्याकडं आषाढ-श्रावणात भिंतीलासुद्धा ओल येते. म्हणून पेंडीचं पोतं फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. कुबट वास आला, गठळ्या झाल्या, तर ती पेंड कोंबडीला नको आणि म्हशीलाही नको. उन्हात वाळवली वा उकळली तरी हे विष जात नाही.

सरकी पेंड जनावराला चालते म्हणून कोंबडीपुढं टाकू नका. तिच्यातल्या गॉसिपॉलमुळं साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी होतो आणि गिऱ्हाईक तुटतं. सोयाबीनही कच्चं घालू नका, भाजून द्या.

शेवटी कवचाविषयी. पाल्यानं बलक सुधारतो, कवच जाड होत नाही. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम चुना-तत्त्व, म्हणजे कॅल्शियम, जातं. त्यासाठी शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा भरडा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा. कोंबडी हवा तेवढा टिपून घेते.

आपल्या जुन्या माणसांनी कोंड्याचा मांडा करून संसार केला. कोंबडीही तेच करते. फक्त कोंडा ताजा, पाला बेताचा आणि पेंड कोरडी, एवढं सांभाळा.