ईनेश्ट्रासे २२

१९२८ च्या नोव्हेंबरात इरावती कर्वे बर्लिनच्या दालेम उपनगरातल्या एका नव्याकोऱ्या संस्थेत दाखल झाल्या, तेव्हा त्यांना तेविसावं वर्ष पुरं व्हायला महिना बाकी होता. हुजूरपागेत शाळा, फर्ग्युसनमध्ये तत्त्वज्ञानाची पदवी, मग मुंबईत घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र, अशी त्यांची वाटचाल झालेली होती. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे त्यांचे सासरे धोंडो केशव कर्वे या जाण्याला अनुकूल नव्हते. नवरा मात्र ठामपणे पाठीशी उभा राहिला. दिनकर कर्वे स्वतः जर्मनीत रसायनशास्त्राची डॉक्टरेट करून आलेले होते, त्यामुळे तिथं काय शिकायला मिळतं हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

पुण्यातल्या अभ्यासू घरांना जर्मनी तेव्हा परकी राहिली नव्हती. ही वाट आधी जर्मनांनी तुडवली. फ्रांत्स कीलहॉर्न १८६६ मध्ये डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून आले. कॉलेज त्या वेळी विश्रामबागवाड्यात भरत होतं, येरवड्याची इमारत दोन वर्षांनी मिळाली. पुण्याच्या शास्त्र्यांपुढे बसून त्यांनी व्याकरण पक्कं केलं, नागोजीभट्टाचा ‘परिभाषेन्दुशेखर’ संपादित केला आणि पतंजलीच्या महाभाष्याची आवृत्ती हाती घेतली. १८८१ मध्ये पुणं सोडून ते गटिंगन विद्यापीठात गेले. तिथं त्यांच्याकडे शिकलेल्यांत हाइनरिश ल्यूडर्स हे एक. ल्यूडर्स पुढे बर्लिनला प्राध्यापक झाले आणि त्यांच्या हाताखाली विष्णु सीताराम सुकथनकर तयार झाले. भांडारकर संस्थेतल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची धुरा १९२५ पासून सुकथनकरांनी वाहिली. पुण्याच्या शास्त्र्यांनी दिलेली विद्या दोन पिढ्यांनी जर्मनीतून पुण्यात परतली, असा हा हिशेब आहे. एकतर्फी ऋणाची भाषा इथं लागू पडत नाही.

इरावतीबाईंची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्या शिकायला गेल्या त्या संस्थेचं नाव होतं कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र संस्था. १९२७ च्या सप्टेंबरात ती उघडली. संचालक ऑयगेन फिशर हे वंशभेदाच्या सिद्धांताचे बडे प्रस्थ होते; १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचं प्रमुखपद त्यांच्याकडे आलं आणि पुढे ते नाझी पक्षाचे सभासदही झाले.

१९२९ च्या फेब्रुवारीत युरोप अक्षरशः गोठला होता. तो हिवाळा ओसरल्यावरचा मार्च म्हणजे पुण्याच्या या मुलीचा बर्लिनमधला पहिला वसंत. पुण्यात त्या सुमारास ऊन चटका देऊ लागतं. बर्लिनमध्ये अंगातला कोट उतरत नाही, रस्त्याकडेची झाडं निष्पर्णच असतात, फक्त गवतातून क्रोकसची जांभळी-पिवळी फुलं वर येतात.

आत, टेबलावर, माणसांच्या कवट्या होत्या. काही जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतीतून आणलेल्या. फिशर यांचा अंदाज असा, की गोऱ्या युरोपियनांच्या मेंदूचा उजवीकडचा पुढचा भाग मोठा असतो, म्हणून त्यांची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते, आणि बुद्धीचं श्रेष्ठत्व त्यातून दिसतं. हे मोजून दाखवण्याचं काम इरावतीबाईंकडे आलं. त्यांनी १४९ कवट्या हाताळल्या. डावीकडचं माप, उजवीकडचं माप, दोन्हींतला फरक; पुन्हा पुढची कवटी. डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी नसणं हे सगळ्याच माणसांत आढळलं. वंशाशी त्याचा संबंध लागेना. जे आकडे आले तेच त्यांनी प्रबंधात मांडले आणि १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या. फिशर यांनी गुण देताना हात आखडता घेतला.

एका परदेशी विद्यार्थिनीनं, मार्गदर्शकाच्याच संस्थेत बसून, त्याचाच सिद्धांत त्याच्याच साहित्यावर टिकत नाही असं लिहून देणं याला केवढं धैर्य लागलं असेल! त्या काळातल्या पुण्याच्या विद्वत्तेचे अनेक दाखले दिले जातात. हा दाखला त्यात अगदी वरच्या रांगेत बसायला हवा. १९३९ पासून डेक्कन कॉलेजात त्यांनी जे काम उभं केलं, ते ठाऊक असलेले वाचक पुष्कळ आहेत. त्यांचं ‘युगान्त’ तर घरोघरी आहे, आणि त्या पुस्तकाला आधार आहे तो सुकथनकरांनी घडवलेल्या चिकित्सक आवृत्तीचा. त्या मानानं बर्लिनच्या दोन वर्षांची आठवण फार कमी निघते.

संस्थेचं पुढं जे झालं ते भीषण आहे. फिशर यांच्यानंतर आलेल्या ओटमार फॉन फर्शुअर यांच्या काळात योझेफ मेंगेले आउश्वित्झहून इथं मृतांचे अवयव पाठवत असे. २०१४ पासून त्या परिसरातल्या खोदकामांत मानवी हाडं सापडत गेली, सुमारे १६,००० तुकडे. ती कोणाची, हे एकेक करून ठरवण्यासाठी हाडांवर आणखी चाचण्या करायच्या नाहीत, असा निर्णय झाला. कोणत्याही एका धर्माचे विधी न करता २३ मार्च २०२३ रोजी दालेमच्या वनदफनभूमीत त्यांना निरोप देण्यात आला.

इमारत आजही उभी आहे. ईनेश्ट्रासे २२ हा तिचा पत्ता. फ्राय विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग तिथं भरतो आणि १९८८ मध्ये लावलेला स्मृतिफलक संस्थेचा इतिहास सांगतो.

जर्मन विद्यापीठांचं उन्हाळी सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं. मॅक्सम्युलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये भाषा शिकून निघालेली पुण्याची कितीतरी मुलं त्यामुळे मार्चमध्येच तिकडे पोचतात. ब्रांडेनबुर्ग दरवाजा आणि भिंतीचे अवशेष त्यांनी जरूर बघावेत. पण एक सकाळ दालेमसाठी राखावी. यू-३ ही भुयारी रेल्वे पकडायची, विद्यापीठाच्या नावाच्या थीलप्लाट्स स्थानकावर उतरायचं; तिथून ही इमारत पायी काही मिनिटांवर आहे.