व्हेलचे तेल आणि गाडीची थरथर

फळ्यावर लिहिताना खडू ठराविक कोनात धरला गेला की तो किंचाळतो आणि सगळा वर्ग कानांवर हात ठेवतो. अशा वेळी फळ्याजवळ जाऊन पाहिले, तर सलग रेघेऐवजी बारीक ठिपक्यांची रांग दिसते. खडू फळ्याला चिकटतो, हात पुढे जात असल्याने ताण वाढतो, मग खडू एकदम सुटून घसरतो आणि पुन्हा चिकटतो. सेकंदाला शेकडो वेळा हे घडते. दाराची कुरकुर आणि व्हायोलिनचा स्वर यांच्या मुळाशीही हेच चिकटणे-घसरणे असते.

हीच क्रिया दोन टन वजनाच्या गाडीच्या पोटात घडली तर काय होते? १९८० नंतरच्या दोन दशकांत ऑटोमॅटिक गिअर असलेल्या डिझेल फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या जपानमधून मोठ्या प्रमाणावर जगभर गेल्या, विशेषतः ऑस्ट्रेलियात आणि आखाती देशांत. त्यांतील जुन्या झालेल्या गाड्यांची एक ठरलेली तक्रार असते. गाडी तापलेली, वेग ताशी साठ ते ऐंशी किलोमीटर, अॅक्सिलरेटरवर पाय अगदी हलका. आणि अचानक रस्त्यावरच्या उंचवट्यांच्या पट्ट्यांवरून जावे तशी गाडी थरथरते. पाय काढला की थांबते. मालक गॅरेजमध्ये नेतो, तिथे गिअरबॉक्स उतरवायला सांगतात आणि भला मोठा खर्च समोर उभा राहतो. कित्येकदा दोष गिअरचा नसतोच, गिअरबॉक्समधल्या लाल तेलाचा असतो. तेलाने गाडी कशी थरथरेल, हे कळायला थोडे मागे जावे लागेल.

आपण वर्गात घर्षणाचे नियम शिकवतो. घर्षणबल लंब दिशेच्या बलाच्या प्रमाणात असते, संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हे गीयोम आमाँताँ याने १६९९ साली पॅरिसच्या अकादमीपुढे मांडले. शार्ल कूलॉम्ब याने रोशफोरच्या गोदीत पुष्कळ मोजमापे केली आणि १७८१ साली अकादमीचे पारितोषिक मिळवले. गतिक घर्षण वेगावर अवलंबून नसते, हा नियम त्याच्या नावावर आहे. कूलॉम्बने त्याला अपवादही नोंदले होते; पाठ्यपुस्तकांनी नियम ठेवला आणि अपवाद गाळले. कोरड्या लाकडी ठोकळ्याच्या प्रयोगाला हा नियम पुरतो. पण तो तंतोतंत खरा असता तर व्हायोलिन वाजलेच नसते.

वंगण लावलेल्या पृष्ठभागांचे घर्षण वेगानुसार कसे बदलते हे रिचर्ड श्ट्रिबेक या जर्मन अभियंत्याने १९०२ साली बेअरिंगांवर बारकाईने मोजले. वेग फार कमी असताना घर्षण जास्त, वेग वाढला की ते झपाट्याने उतरते, तळ गाठते आणि मग हळूहळू चढते. या आलेखाला आजही श्ट्रिबेकचेच नाव आहे. आपल्याला हवा आहे तो त्याचा उतरता भाग.

समजा, दोन चकत्या एकमेकींवर घासत आहेत आणि त्यांतील एक स्प्रिंगने बांधली आहे. काही कारणाने घासण्याचा वेग किंचित कमी झाला. उतरत्या भागात वेग कमी म्हणजे घर्षण जास्त. म्हणून चकती आणखी मंदावते, स्प्रिंग ताणली जाते, मग चकती सुटते. आता वेग जास्त म्हणजे घर्षण कमी, म्हणून ती आणखीच जोरात सुटते. झोपाळ्याला दर झोक्याला योग्य वेळी धक्का मिळावा तसे कंपन वाढत जाते. याउलट, वेग वाढला की घर्षणही वाढत असेल, तर प्रत्येक बारीक धक्का आपोआप विरून जातो. म्हणजे प्रश्न घर्षण किती आहे हा नाही, आलेखाचा चढ कोणत्या बाजूला आहे हा आहे. १९३९ साली केंब्रिजमध्ये बाउडेन आणि लेबेन यांनी संथ घसरणाऱ्या धातूंवर हे चिकटणे-घसरणे प्रत्यक्ष मोजून दाखवले. घर्षण ही सलग क्रिया नसून झटक्यांची मालिका असू शकते, हे तेव्हापासून मान्य झाले.

त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत ओल्ड्समोबाइल कंपनीने 'हायड्रा-मॅटिक' ही ऑटोमॅटिक गिअरची व्यवस्था बाजारात आणली. तिचे मूळ मात्र जहाजांत आहे. हेर्मान फ्योटिंगर हा श्टेटिन येथील फुल्कान गोदीत काम करत होता. वाफेचे टर्बाइन भरभर फिरते, जहाजाचा पंखा मात्र सावकाश फिरायला हवा. त्याने १९०५ साली पेटंट घेतले ते असे: इंजिनाने एक पंखचाक द्रवात फिरवायचे, तो फेकला गेलेला द्रव समोरच्या दुसऱ्या चाकावर आदळवायचा आणि त्याला फिरवायचे. दोघांत धातूचा धातूला स्पर्श नाही. एक पंखा चालू करून त्याच्यासमोर दुसरा बंद पंखा ठेवला तर तोही फिरू लागतो, हा प्रयोग वर्गात सहज करता येईल. मोटारीतील टॉर्क कन्व्हर्टर हा याच कल्पनेचा वंशज.

या जोडणीत झटके बसत नाहीत, पण मागचे चाक पुढच्यापेक्षा नेहमी थोडे मागे राहते. तेवढी ऊर्जा तेल तापवण्यात जाते. म्हणून वेग घेतल्यावर दोन्ही चाके एका क्लचने थेट जखडून टाकायची युक्ती पॅकार्ड कंपनीने १९४९ साली वापरली. याला लॉक-अप क्लच म्हणतात. शिवाय गिअर बदलण्यासाठी आतमध्ये आणखी क्लच आणि पट्टे असतातच, आणि ते सगळे तेलात बुडालेले असतात. म्हणजे या तेलाने दातांना वंगण द्यायचे, उष्णता वाहून न्यायची आणि तरीही क्लचला पकड मिळू द्यायची! शिवाय ती पकडही थरथरीशिवाय हवी.

हे जमले ते एका सागरी प्राण्यामुळे. स्पर्म व्हेलच्या अवाढव्य डोक्यात आणि चरबीत मिळणारे तेल आपल्या गोडेतेलासारखे नसते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते द्रवरूप मेणच आहे: लांब साखळीचे मेदाम्ल आणि लांब साखळीचे अल्कोहोल यांचे एस्टर. गंधकाची प्रक्रिया करून ते थोड्या प्रमाणात खनिज तेलात मिसळत. त्याचे रेणू धातूवर भाताच्या रोपांसारखे उभे चिकटतात आणि पातळ, गुळगुळीत थर तयार करतात. त्यामुळे अगदी कमी वेगाला घर्षण उतरते आणि आलेखाचा चढ उलटतो. थरथर होत नाही. हे तेल वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते 'चालते' एवढेच ठाऊक होते. विज्ञानाच्या इतिहासात तंत्र आधी आणि कारण मागून, असे फार वेळा झाले आहे. इथे त्याची किंमत कोणा दुसऱ्याने मोजली.

१९६० नंतरच्या दशकात जगात दर वर्षी वीस हजारांहून अधिक स्पर्म व्हेल मारले जात होते. यातले सगळे तेल गिअरबॉक्सांत गेले असे मुळीच नाही. कातडी कमावणे, यंत्रांचे वंगण, साबण अशा अनेक वाटा होत्या. १९७० साली अमेरिकेने स्पर्म व्हेलचा समावेश धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत केला आणि या तेलाची आयात बंद झाली. तेल बनवणाऱ्यांची धावपळ उडाली. जनरल मोटर्सने १९७३ साली व्हेलच्या तेलाविना 'डेक्स्रॉन-२' हे नवे प्रमाण आणले. त्याच्या पहिल्या आवृत्तीने घर्षण सांभाळले, पण तेल थंड करणाऱ्या नळ्यांचे डाख कुरतडायला सुरुवात केली आणि ती लवकरच सुधारावी लागली. एक गुण बदलायला गेले की दुसरा बिघडतो, हा रसायनतज्ज्ञांचा रोजचा अनुभव. होहोबा या वाळवंटी झुडपाच्या बियांतही तसेच द्रव मेण असते, त्यामुळे त्याची लागवड जोरात सुरू झाली. पण मुख्यतः कारखान्यात घडवलेल्या रेणूंनीच ही जागा घेतली.

त्याच वर्षी, १९७३ मध्ये, खनिज तेलाचे संकट आले. इंधनाचा थेंबन् थेंब मोलाचा झाला आणि मागे पडलेला लॉक-अप क्लच परत आला; क्रायस्लरने तो १९७८ च्या गाड्यांत दिला. म्हणजे व्हेलचे तेल गेले आणि थरथरीला सर्वांत संवेदनशील असलेला क्लच आला, दोन्ही एकाच दशकात. डिझेल इंजिनाचे ठोके मुळातच जड, म्हणून या क्लचला स्प्रिंगा बसवाव्या लागल्या. पुढे तर त्याला मुद्दाम किंचित घसरत ठेवण्याची पद्धत आली. सतत संथ घसरणारा क्लच म्हणजे श्ट्रिबेकच्या उतारावर कायमचे बिऱ्हाड! १९९० च्या दशकात जपानमध्ये तेलाची थरथर-विरोधी क्षमता तपासण्याची प्रमाणित कसोटीच तयार झाली.

आता जुन्या गाडीकडे येऊ. थरथर लॉक-अपची आहे की आणखी कशाची, हे ओळखायला चांगल्या मेकॅनिकला आधी पान्ह्याची गरज नसते, गणिताची असते. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. टायरचा परीघ २.३५ मीटर धरला तर चाक सेकंदाला साधारण साडेनऊ फेऱ्या घेते. मागच्या डिफरन्शियलचे गुणोत्तर चार असेल तर प्रोपेलर शाफ्ट ३८ फेऱ्या घेतो, आणि झिजलेला युनिव्हर्सल जॉइंट एका फेरीत दोनदा हिसका देतो, म्हणजे सुमारे ७५. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला १६०० फेऱ्यांवर असेल तर सेकंदाला ५३ ठोके पडतात. त्यांतला एक इंजेक्टर खराब असेल तर सेकंदाला सुमारे १३ वेळा ठोका चुकतो. यातले प्रत्येक कंपन कशाच्या तरी फिरण्याशी बांधलेले आहे. वेग बदलला की कंप्रता त्या प्रमाणात बदलते. चिकटण्या-घसरण्याची थरथर मात्र शाफ्ट आणि स्प्रिंगा यांच्या स्वाभाविक कंप्रतेने होते. गाडीचा वेग साठवरून सत्तरवर गेला तरी तिचा ताल जवळजवळ तोच राहतो.

दुसरी खूण ब्रेकची. पेडल अगदी हलके, दिवा लागण्यापुरते दाबले की बहुतेक गाड्यांत लॉक-अप सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर संशय त्या क्लचवर जातो. पण इथे घाई नको. लॉक-अप सुटला की इंजिनाचा चुकलेला ठोकाही तेलात विरतो आणि प्रवाशाला जाणवत नाही. म्हणून इंजेक्टर वेगळे तपासावे लागतात. जुन्या डिझेलचे जाणते मेकॅनिक इंजिन संथ चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट सैल करतात. ज्याने आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नसतो.

इंजिन निर्दोष निघाले तर तेलाकडे वळायचे. उष्णतेने आणि वयाने घर्षण सुधारणारे रेणू मोडतात आणि आलेखाचा चढ पुन्हा उलटतो. तेल तपकिरी झाले असेल पण जळका वास नसेल, तर योग्य प्रमाणाचे नवे तेल भरून थरथर गेल्याचे पुष्कळदा आढळते. 'योग्य' हा शब्द महत्त्वाचा. फोर्डचे जुने 'टाइप एफ' तेल असे घर्षण सुधारणारे द्रव्य न घालता बनवलेले होते. ते फोर्डच्या क्लचला मानवणारे, पण डेक्स्रॉन मागणाऱ्या गिअरबॉक्सात थरथर ओढवून घेणारे. दोन्ही दिसायला सारखीच लाल. तेलाला जळका वास येत असेल आणि त्यात काळी भुकटी असेल, तर क्लचचे अस्तरच गेले आहे; तिथे नवे तेल उपयोगाचे नाही.

आणि तेल गुलाबी, दुधाळ दिसले तर प्रकरण वेगळेच. पुष्कळ गाड्यांत गिअरबॉक्सचे तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतूनच जाते. ती आतून गंजून फुटली की रेडिएटरचे पाणी तेलात शिरते. क्लचचे अस्तर कागदासारख्या तंतूंचे आणि डिंकाने चिकटवलेले असते. पाणी त्यालाच सोडवू लागते. अशा वेळी गाडी तिथेच थांबवून, आधी रेडिएटर बदलून मगच तेलाला हात लावतात. नाहीतर नवे तेलही दोन दिवसांत गुलाबी होते.